दवाखान्याचे दार आणि विम्याचा कागद

गेल्या सत्रात आमच्या शाळेच्या वादविवाद मंडळाने जो विषय निवडला तो 'विज्ञान : शाप की वरदान' ह्या नेहमीच्या पठडीतला नव्हता. सर्व नागरिकांस शासनाने विनामूल्य आरोग्यसेवा द्यावी, की ज्याने त्याने आपापला आरोग्यविमा उतरवावा, असा तो प्रश्न होता. परीक्षकाच्या खुर्चीवर प्रस्तुत लेखकास बसविण्यात आले होते. चौदापंधरा वर्षांच्या मुलामुलींस ह्या विषयात काय गोडी वाटणार, अशी शंका मनात बाळगूनच मी तेथे बसलो होतो. विम्याच्या बाजूने दहावीतील एका विद्यार्थ्याने मोठ्या तडफेने भाषण केले. स्वावलंबन, काटकसर, भविष्याची तरतूद हे शब्द त्याने ठसक्यात उच्चारले आणि टाळ्याही घेतल्या. प्रश्नोत्तरांच्या वेळी नववीतील एक विद्यार्थिनी उठली व तिने एवढेच विचारले, "जो आधीच आजारी आहे, त्याचा विमा कोण उतरवणार?" वक्त्यास उत्तर सुचले नाही. खरे सांगावयाचे तर परीक्षकासही सुचले नाही. गुणांची बेरीज करून मी निकाल जाहीर केला, ढाल विम्याच्या पक्षास मिळाली, आणि तो प्रश्न मात्र माझ्यासोबत घरी आला.

त्या मुलीने तो प्रश्न कोठल्या पुस्तकातून उचलला नव्हता, हे मला ठाऊक होते. तिच्याच वर्गात खिडकीलगतच्या बाकावर बसणारा एक मुलगा दिवाळीच्या सुटीनंतर शाळेत आलाच नव्हता. त्याचे नाव येथे देत नाही. त्याचे वडील शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीत ठेकेदाराच्या हाताखाली काम करीत. घरी दोन म्हशी, सकाळसंध्याकाळ गावच्या दूधसंस्थेत दूध घालावयाचे, आणि त्या दुधाच्या बिलातून मुलाची वह्यापुस्तके व बसचा पास, असा तो संसार होता. एके रात्री वडिलांचे उजवे अंग लुळे पडले व वाचा बसली. शेजाऱ्यांनी जीपमध्ये घालून, ज्या रुग्णालयाचा दिवा प्रथम दिसला तेथे त्यांस नेले. ते रुग्णालय शासकीय योजनेच्या यादीत नव्हते. अशा वेळी यादी पाहावयाचे भान कोणास राहते? तेथे अकरा दिवस गेले.

घरात विम्याचा कागद होता. ओळखीच्या एका गृहस्थाने दोन वर्षांपूर्वी तो उतरवून दिला होता व हप्ते वेळच्या वेळी भरले होते. तथापि दावा नामंजूर झाला. वडिलांस रक्तदाबाचा विकार पूर्वीपासून होता व अर्जात तो नमूद केलेला नव्हता, हे कारण. जुन्या एका केसपेपरवर कोणा डॉक्टरने तशी एक ओळ लिहून ठेवली होती. अर्ज भरला होता त्या ओळखीच्या गृहस्थाने. वडिलांनी केवळ सही केली होती. मुलाच्या आईने ते नकाराचे पत्र माझ्याकडे आणले, कारण ते इंग्रजीत होते. त्याचा अर्थ मला तिला सांगावा लागला. शिक्षकाच्या वाट्यास जी अप्रिय कामे येतात त्यांत हे काम मी बरेच वर धरतो. ती माउली काही रडली नाही. पत्राची घडी घालीत ती म्हणाली, "म्हशी इकल्या सर. आता पोराला कामाला लावल्याबिगर इलाज न्हाई."

येथे विमाकंपनीवर दात खाण्याचा मोह होतो, परंतु तो आवरला पाहिजे. कराराच्या शब्दांत पाहता तिचे म्हणणे खोटे नव्हते. आणि नेमकी हीच गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते. कोणी लबाडी केल्यामुळे हे घर उघडे पडले असते तर लबाडास शिक्षा करून प्रश्न सुटला असता. येथे प्रत्येकाने आपापल्या नियमाप्रमाणेच वागणूक केली, आणि तरीही एक मुलगा शाळेतून गेला.

विम्याचे मूळ तत्त्व सुंदर आहे, ह्यात शंका नाही. शंभर घरांनी दरसाल थोडे थोडे द्यावे, व ज्या चारपाच घरांवर संकट येईल त्यांचे त्यातून निभावावे. आपल्या खेड्यांतील भिशी व पैरा ह्यांच्या मुळाशी हीच बुद्धी आहे. परंतु ही वर्गणी ऐच्छिक ठेवली व ती गोळा करण्याचे काम नफ्यासाठी चालणाऱ्या मंडळीकडे सोपविले, म्हणजे तत्त्वाचे रूप पालटते. धडधाकट तरुण म्हणतो, मला काय झाले आहे. तो बाहेर राहतो. ज्यास दुखणे आहे तो धावत आत येऊ पाहतो. केवळ दुखणाईतच आत आले तर हंडी रिकामी होणार, हे कंपनीस दिसते; म्हणून ती दारावर पहारेकरी ठेवते, वय विचारते, जुने आजार विचारते, काही वर्षे थांबावयास सांगते. भारतात ही थांबण्याची मुदत पूर्वी चार वर्षांपर्यंत असे. २०२४ साली ती तीन वर्षांवर आणण्यात आली. सुधारणा खरीच, पण अर्धांगवायू तीन वर्षे थांबत नाही. आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे : जो आधीच आजारी आहे त्याचा विमा, खुल्या बाजारात, कोणी आनंदाने उतरवीत नाही, आणि ह्यात बाजाराचा दोष नसून तो त्याचा स्वभाव आहे.

ह्यावर कोणी म्हणेल, मग सर्वांनाच वर्गणी सक्तीची करा. बरोबर आहे, आणि जगात तसे झालेलेही आहे. जर्मनीत बिस्मार्कने १८८३ मध्येच कामगारांसाठी सक्तीचा आजारविमा आणला. आपल्या देशात कामगार राज्य विमा कायदा १९४८ साली झाला. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्या कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के व मालकाकडून ३.२५ टक्के असे २०१९ पासून घेतले जाते. आणि वर्गणी देणाऱ्यास तुला पूर्वी रक्तदाब होता काय असे कोणी विचारीत नाही. ज्याचा पगार अधिक तो अधिक देतो, ज्याचा कमी तो कमी देतो, आणि औषध मिळते ते दुखण्याच्या मानाने. नाव विम्याचे असले तरी वस्तुतः हा करच आहे. त्या फौंड्री कामगारास ही सेवा का मिळू नये? कायद्याने ठेकेदाराचा कामगारही तीत येतो. पण ज्याचे नाव हजेरीपटावरच चढत नाही त्यास कायदा कोठे शोधणार? आपल्या देशात बहुसंख्य श्रमिक असे बिननावाचे आहेत. ऊसतोड करणारे, गवंड्याच्या हाताखालचे, धुणीभांडी करणाऱ्या बाया, ह्यांच्या पगारातून वर्गणी कापावयाची तर आधी पगारपत्रक हवे.

म्हणूनच हा प्रश्न ज्यांनी आपल्या देशासाठी प्रथम समग्रपणे विचारात घेतला, त्यांनी वर्गणीचा मार्ग न धरता कराचा मार्ग धरला. १९४३ साली नेमलेल्या व १९४६ मध्ये आपला अहवाल सादर करणाऱ्या त्या समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर होत. हे गृहस्थ नाशिकला जन्मलेले, पुण्यास शिकलेले, आपल्याच समाजातील ख्रिस्ती मनुष्य. पण आमच्या मुलांस त्यांचे नाव क्वचितच ठाऊक असते, ह्याची शिक्षक म्हणून मला खंत वाटते. पैसे देता येत नाहीत एवढ्या कारणाने कोणीही योग्य उपचारावाचून राहू नये, हे त्या समितीचे पहिले सूत्र. सेवा सर्वांस भेदाभेद न करता विनामूल्य असावी, आणि ज्यास देण्याची ऐपत आहे त्याने ते कराच्या वाटेने द्यावे, दवाखान्याच्या खिडकीवर नव्हे, असे तिने सांगितले. खेड्यापाड्यांतून प्राथमिक आरोग्यकेंद्रांचे जाळे विणण्याची कल्पनाही त्याच अहवालातील. इंग्लंडात १९४८ च्या ५ जुलैस राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली, ती पाहून आपण हे शिकलो असे पुष्कळांस वाटते. परंतु आमचा अहवाल त्याच्या दोन वर्षे आधीचा आहे. त्यांनी त्यांचा अमलात आणला, आम्ही आमचा बव्हंशी कपाटात ठेवला, एवढाच फरक. निदान प्राथमिक आरोग्यकेंद्रे तरी आली, हे त्या कपाटाचे दार अगदीच बंद नव्हते ह्याचे लक्षण.

करवीरवासीयास ही कल्पना अनोळखी वाटण्याचे कारण नाही. १९१७ साली राजर्षी शाहू छत्रपतींनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. त्या वेळी कोणी असे म्हटले असते की, ज्यास मुलगा शिकवावयाचा आहे त्याने 'शिक्षणविमा' उतरवावा आणि मूल मंदबुद्धी निघाल्यास कंपनीने त्यास नाकारावे, तर महाराजांनी त्यास हसून वाटेस लावले असते. शिक्षणाच्या बाबतीत जी गोष्ट आपणांस आज हास्यास्पद वाटते, तीच दुखण्याच्या बाबतीत आपण व्यवहारज्ञान म्हणून स्वीकारतो. माझ्या मते पुढील पिढी ह्यास हसेल.

आता शासन काहीच करीत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. महाराष्ट्रात २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, पुढल्या वर्षी ती राज्यभर पसरली, आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले ह्यांच्या नावाने चालते. केंद्र शासनाची आयुष्मान भारत योजना २०१८ ची. २०२४ च्या ऑक्टोबरअखेर तीत सत्तर वर्षांवरील सर्व वृद्ध, मग ते श्रीमंत असोत वा गरीब, घेण्यात आले. फुले योजनेत आरंभी एका कुटुंबास वर्षाकाठी दीड लाख रुपयांपर्यंत उपचार मिळत. पुढे ही मर्यादा पाच लाखांवर नेण्यात आली आणि केवळ पिवळ्याकेशरी शिधापत्रिकांपुरती योजना न ठेवता ती सर्वांस खुली करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. हृदयाच्या व मूत्रपिंडाच्या व्याधींनी ग्रासलेली किती तरी माणसे ह्या योजनांमुळे आज आपल्या मुलाबाळांत आहेत. देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांच्या खिशातून थेट जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला, असे शासनाचे राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. ही घट लहान नव्हे. तरीही शंभरातले जवळजवळ चाळीस रुपये आजही मनुष्य दुखण्याच्या ऐन घटकेस, म्हणजे ज्या घटकेस तो घासाघीस करू शकत नाही त्याच घटकेस, स्वतः मोजतो.

परंतु ह्या योजनांचीही घडण विम्याचीच आहे, आणि म्हणून विम्याचा एक मोठा दोष त्यांत उतरला आहे. मनुष्य खाटेवर पडला म्हणजेच त्या जाग्या होतात. रोजच्या गोळीचा, महिन्याच्या तपासणीचा, डॉक्टरच्या फीचा खर्च त्यांत बसत नाही. मधुमेहाने सडलेला पाय कापण्याचे पैसे मिळतील. तो पाय सडू नये म्हणून लागणाऱ्या गोष्टी ज्याच्या त्याने पाहाव्या. आमच्या विद्यार्थ्याच्या वडिलांस अर्धांगवायू झाला तो रक्तदाबाने, हे आपण पाहिले. ज्या रक्तदाबामुळे विमा नाकारला गेला, तो आटोक्यात ठेवण्यास दिवसाला दोनतीन रुपयांची एक गोळी पुरते. मी त्या माउलीस विचारले, गावच्या आरोग्यकेंद्रात ही गोळी फुकट मिळते, ते कधी गेले नव्हते का? ती म्हणाली, आरोग्यकेंद्र उघडायच्या आधी ते फौंड्रीला जात आणि मिटल्यावर परत येत. एक दिवस गेले तर दिवसाचा रोज बुडे. मला वाटते, ह्या एका वाक्यात सबंध वादाचे सार आहे. पाच लाखांचे संरक्षण कागदावर असलेल्या देशात एक मनुष्य तीन रुपयांच्या गोळीस मुकला, कारण गोळी ज्या वेळी मिळे त्या वेळी तो भट्टीपाशी होता. सायंकाळी सात ते नऊ एक परिचारिका त्या केंद्रात बसती, तर कोणत्याही विमाकंपनीने जे केले नसते ते तिने केले असते.

हे स्वप्नरंजन आहे असे कोणास वाटल्यास त्याने जामखेडकडे पाहावे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकले व १९७० मध्ये त्यांनी त्या दुष्काळी तालुक्यात काम आरंभिले. त्यांना लवकरच उमगले की, रुग्णालय कितीही चांगले बांधले तरी खेड्यातील बहुतेक दुखणी त्याच्या पायरीपर्यंत पोचण्याआधीच बळावलेली असतात. तेव्हा त्यांनी गावोगावच्या बायांना, ज्यांपैकी पुष्कळींस अक्षरओळखही नव्हती, निवडून शिकविले. ह्या बाया गरोदर स्त्रीची तपासणी करू लागल्या, अतिसारात साखरमिठाचे पाणी पाजू लागल्या, पिण्याच्या पाण्याविषयी गावास समजावू लागल्या. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ पासून देशभर काम करणाऱ्या 'आशा' सेविकेची कल्पना अशाच प्रयोगांतून आलेली आहे. २०१९ च्या ऑगस्टात व पुन्हा २०२१ च्या जुलैत पंचगंगेने आपले पात्र सोडले, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, तेव्हा ट्रंकेतील विम्याचा कागद कोणाच्या कामी येणार होता? पाणी ओसरल्यावर घरोघर तापाची चौकशी करीत फिरल्या त्या ह्या आशाताई. त्यांना मिळणारा मोबदला पाहिला म्हणजे आम्हां पगारदारांस मान खाली घालावी लागते.

आमच्या मिशनच्या परंपरेतही एक उदाहरण आहे, परंतु ते सांगताना मी थोडा सावध राहू इच्छितो. डॉ. विल्यम वानलेस १८८९ साली ह्या देशात आले व मिरजेस त्यांनी जे रुग्णालय उभारले त्याचा लौकिक सर्व दक्षिण महाराष्ट्रात पसरला. ज्यास देता येईल त्याच्याकडून घ्यावे व त्यातून न देणाऱ्याचे भागवावे, हा मिशनरी रुग्णालयांचा जुना रिवाज. ह्या रिवाजाने असंख्य लोक वाचले. तथापि धर्मार्थ रुग्णालय म्हणजे हक्क नव्हे; तेथे मिळते ती कृपा. देणगीदार आटले, खर्च वाढला, म्हणजे कृपेस मर्यादा पडते. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालील धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांस मोफत व आणखी दहा टक्के दुर्बल घटकांस सवलतीने द्याव्या, अशी योजना उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केली आहे. आपल्या वाचकांपैकी किती जणांस हे ठाऊक होते? रुग्णालयाच्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसास ते बहुधा ठाऊक नसते, आणि आतला मनुष्य ते होऊन सांगतोच असे नाही. दया पुरेशी नाही, हे दयेच्या संस्थेत वाढलेल्या मनुष्याने म्हणावे हे विचित्र दिसेल; पण वीस वर्षे शिकविल्यानंतर माझे मत तसे झाले आहे.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे. ते मला बिनतोड वाटत नसले तरी पोकळही वाटत नाही. सरकारी रुग्णालयाची अवस्था पाहा, म्हणतात. केसपेपरची रांग, व्हरांड्यात झोपलेले नातेवाईक, बाहेरून आणावयास सांगितलेली औषधे. हे खोटे नाही. इंग्लंडातसुद्धा २०२३ साली उपचारांच्या प्रतीक्षायादीत सत्तर लाखांहून अधिक प्रकरणे होती. सार्वत्रिक सेवा जाहीर केली म्हणजे डॉक्टर आकाशातून पडत नाहीत. आणि मी तरी कोठे धुतल्या तांदळासारखा आहे? माझ्या घरी खाजगी विमा आहे. आईच्या मांडीचे हाड मोडले तेव्हा मी तिला सरकारी रुग्णालयात नेले नाही. विम्याचे कार्ड घेऊन खाजगी दवाखान्यात गेलो, स्वतंत्र खोली मिळाली, आणि मनातल्या मनात मी त्या कार्डाचे आभारही मानले. पुढल्या वर्षी तिच्या हप्त्याचा आकडा पाहिला तेव्हा आभार थोडे आखडते घेतले, ही गोष्ट निराळी. २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील अठरा टक्के कर काढून टाकण्यात आला, तेव्हा मलाही बरे वाटले. ज्यास झेपते त्याने विमा जरूर उतरवावा. उद्या आपल्या घरावर प्रसंग आला तर तत्त्वज्ञान बिल भागवीत नाही.

परंतु माझ्यासारखे मास्तर, वकील, व्यापारी, अधिकारी सर्वच जण कार्ड घेऊन दुसऱ्या दाराने आत गेले, की पहिल्या दाराविषयी तक्रार करावयास उरते कोण? ज्या शाळेत कलेक्टरचा मुलगा शिकतो त्या शाळेचे छप्पर गळत नाही. रुग्णालयाचेही तसेच आहे. सरकारी रुग्णालय वाईट म्हणून आपण विम्याकडे वळतो, आणि आपण वळलो म्हणून ते अधिक वाईट होते. आपल्या शहरातील छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, जुन्या लोकांचे 'अल्बर्ट एडवर्ड', हे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयास जोडलेले आहे व जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यातून तेथे रोगी येतात. गगनबावड्याहून येणाऱ्यास पन्नासपंचावन्न किलोमीटर पडतात, चंदगडहून शंभराच्या वर. चंदगडच्या मनुष्यास पाच लाखांचे कार्ड दिले तरी ते कार्ड चालते असे मोठे रुग्णालय त्याच्या डोंगरात येत नाही. खाजगी रुग्णालय तेथेच निघते जेथे गिऱ्हाईक दाट असते. त्याला कार्डाआधी जवळ शस्त्रक्रियागृह हवे, भूलतज्ज्ञ हवा, रक्त साठविण्याची सोय हवी. आणि ह्या गोष्टी केवळ करातूनच होतात.

पैसा कोठून आणावा, हा पुढचा प्रश्न. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने असे ठरविले होते की, २०२५ पर्यंत शासनाचा आरोग्यावरील खर्च देशाच्या एकूण उत्पन्नाच्या अडीच टक्के व्हावा. २०२१-२२ मध्ये, म्हणजे महामारीच्या ऐन वर्षात, तो १.८४ टक्के होता. गरीब मनुष्य कर भरीत नाही, असा एक समज आपल्या दिवाणखान्यांतून ऐकू येतो. तो फौंड्रीवाला साबणाच्या वडीवर, पायांतल्या चपलेवर, मोबाइलच्या रिचार्जवर कर भरतच असतो. त्याच्या मोबदल्यात सायंकाळी उघडे असणारे एक आरोग्यकेंद्र मागणे म्हणजे भिक्षा मागणे नव्हे. उलट टोकास अमेरिका पाहा. आरोग्यावर तिच्याइतका पैसा कोणताच देश खर्चीत नाही, आणि तरी २०२३ साली तेथील अडीच कोटींहून अधिक माणसे कोणत्याही विम्यावाचून होती. ह्याच्या तुलनेत थायलंड काही धनाढ्य देश नव्हे. पण त्याने २००२ मध्ये सर्व नागरिकांस सेवा खुली केली व आरंभी एका भेटीस तीस बाथ एवढेच शुल्क ठेवले. त्याआधी कित्येक वर्षे त्या देशाने तालुक्यातालुक्यांत रुग्णालये बांधली होती व डॉक्टरांस खेड्यात काम करणे भाग पाडले होते. आधी दार बांधले, मग ते उघडे आहे अशी दवंडी पिटली. आपण दवंडी आधी पिटतो.

२०२० साली करोनाची साथ आली तेव्हा महाराष्ट्र शासनाने मे महिन्यात फुले योजना सर्व नागरिकांस खुली केली व खाजगी रुग्णालयांच्या बहुसंख्य खाटांचे दर स्वतः ठरवून दिले. अंमलबजावणीत उणिवा राहिल्या, तक्रारीही झाल्या. परंतु जी गोष्ट एरवी 'अशक्य' म्हणून सांगितली जाते ती भीतीपोटी का होईना एका महिन्यात कागदावर उतरली. २०२३ च्या मार्चमध्ये राजस्थानने आरोग्याच्या हक्काचा कायदा केला. खाजगी डॉक्टरांनी त्याविरुद्ध मोठा संप केला. त्यांची भीती अशी होती की, तातडीच्या रोग्यास नाकारू नये असे म्हणावयाचे आणि त्याचा खर्च वेळेवर द्यावयाचा नाही, असे शासन करील. ही भीती मला अवाजवी वाटत नाही. ज्याच्या अंगावर हक्काचे ओझे टाकावयाचे त्याचे बिल शासनाने थकवू नये, एवढे तरी झालेच पाहिजे. असा कायदा महाराष्ट्रानेही करावा, आणि त्यासोबत आरोग्यकेंद्रांतील रिक्त जागा भरण्याचे व सायंकाळच्या तपासणीचे वेळापत्रक जोडावे, असे माझे मत आहे. नुसत्या कायद्याने रक्तदाब उतरत नाही.

तो मुलगा परवा शाळेत आला होता, दाखला नेण्यास. सध्या उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये तो लेथवर हात बसवीत आहे. वडील आता काठी धरून अंगणापर्यंत येतात, शब्द मात्र अजून नीट फुटत नाहीत. गोळी चालू आहे का, असे विचारता तो म्हणाला, आरोग्यकेंद्रातून आईच आणते, महिन्याची एकदम देतात. पुढील साली सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीस बसावयाचे आहे, असे त्याने जरा बिचकतच सांगितले. गणिताची व शास्त्राची पुस्तके मी त्यास दिली आहेत. ज्या विद्यार्थिनीने वादविवादात तो प्रश्न विचारला तिने आपल्या इंग्रजीच्या वह्या त्याच्यासाठी माझ्याकडे आणून ठेवल्या आहेत; रविवारी तो त्या न्यावयास येणार आहे.